अर्धवट राहिलेलं लँकेस्टर

वाचकाचं पत्र:

माझं वय ५७. लहानपणी मी आणि दादा मिळून प्लॅस्टिकच्या विमानांची किट जोडायचो. तो माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. भाग कापणं, घासणं, चिकटवणं हे त्याचं काम. नंबर शोधून त्याच्या हातात देणं आणि शेवटी रंगवणं हे माझं. शेवटचं किट एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीच्या लँकेस्टर बॉम्बरचं होतं, १/७२ मापाचं, म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढं. धड आणि डावा पंख जोडून झाला आणि दादा पुढच्या शिक्षणासाठी घरातून गेला. मी तेव्हा बारा वर्षांची होते. ‘सुट्टीत आलो की पुरं करू’ म्हणाला होता. ते राहिलंच. गेल्या महिन्यात सामान आवरताना तो खोका सापडला. पंखावरच्या रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, बारीक ठिपक्यांवरून बोट फिरवलं आणि मला रडू आवरेना. मुलगी म्हणते, जुन्या किटना गिऱ्हाईक असतं, विकून टाक. नवरा म्हणतो, आहे तसं काचेच्या कपाटात ठेव. मला ते पुरं करावंसं वाटतं, पण हात लावायची भीती वाटते. दादाशी भांडण काही नाही, पण आमचं बोलणं आता वाढदिवसापुरतं उरलंय. त्याला सांगू का? तो हसला तर? आणि या वयात एका खेळण्यापायी इतकं हळवं होणं बरं आहे का?

उत्तर:

ताई,

हळवं होण्याबद्दल तुम्ही अगदी शेवटी विचारलंत, पण तोच प्रश्न तुम्हाला सगळ्यात जास्त टोचतोय असं मला वाटतं, म्हणून आधी तो. रडू आलं यात संकोचण्यासारखं काहीही नाही. बारा वर्षांच्या मुलीवर मोठी माणसं सहसा कुठलंच खरं काम सोपवत नाहीत. त्या टेबलावर मात्र तुमच्याकडे खरी जबाबदारी होती. चार मिलिमीटरचा भाग अचूक शोधून द्यायचा, तो हरवला तर दुसरा मिळणार नाही, आणि गोंद वाळेपर्यंत धीर धरायचा. त्या वयातली भावंडं समोरासमोर बसून मनातलं बोलत नाहीत. पण एकाच वस्तूवर वाकून तासन्‌तास शेजारी बसतात, आणि ‘सत्तावीस नंबर दे’, ‘हा नव्हे, त्याला खाच आहे’ एवढ्या बोलण्यात त्यांचं सगळं भागतं. खोका उघडल्यावर तुम्हाला ते शेजारी बसणं आठवलं. त्याला खेळण्यापायी हळवं होणं म्हणू नका.

यात तुम्ही एकट्याही नाही. हा छंद तुमच्या-माझ्याहून जुना आहे. फ्रॉग या ब्रिटिश ब्रँडने १९३६ मध्ये ‘पेंग्विन’ नावाने १/७२ मापाची, न उडणारी, फक्त जोडून ठेवायची प्लॅस्टिकची विमानं आणली. एका इंचात सहा फूट, असं ते साधं माप. पुढे दुसरं महायुद्ध लागलं आणि शत्रूचं विमान कोणतं, आपलं कोणतं हे सैनिकांना ओळखता यावं म्हणून याच मापाची मॉडेल वापरात आली. अमेरिकी नौदलाने तर १९४२ मध्ये शाळकरी मुलांकडून पाच लाख लाकडी मॉडेल करवून घ्यायचं उद्दिष्ट ठेवलं होतं. एअरफिक्सने १९५२ मध्ये एका जुन्या शिडाच्या जहाजाचं छोटं किट साध्या पिशवीत घालून विकायला सुरुवात केली, मग स्पिटफायर या लढाऊ विमानाचं किट आलं, आणि त्यानंतरच्या दोन-तीन पिढ्यांतली मुलं सुटे भाग लागलेल्या त्या करड्या प्लॅस्टिकच्या चौकटींवर वाढली. खोक्यावरच्या चित्रांची ओढ हा तर स्वतंत्रच विषय आहे. रॉय क्रॉस यांनी १९६४ ते १९७४ एअरफिक्ससाठी ती चित्रं काढली. त्याआधी ते विमान कारखान्यासाठी तांत्रिक चित्रं काढत, म्हणून त्यांच्या विमानात प्रत्येक सांधा जागच्या जागी असे आणि तरीही मागचं आभाळ पेटलेलं दिसे. आत निघणारं प्लॅस्टिक त्या चित्राच्या जवळपासही नसायचं. मधलं अंतर मुलं मनाने भरून काढायची. तुम्ही दोघांनीही काढलं असणार.

आता मुलीचं म्हणणं. जुन्या किटना गिऱ्हाईक असतं हे खरं, पण संग्राहक पैसे मोजतात ते न जोडलेल्या, पिशवीचं सील न फुटलेल्या किटला. धड आणि एक पंख चिकटवलेल्या लँकेस्टरला जवळजवळ काहीच किंमत येणार नाही. मुलीला तसं सांगा, आणि विक्रीचा विषय तिथेच सोडा.

तुमच्या यजमानांचा सल्ला प्रेमाचा आहे, तरी मला तो पटत नाही. अर्धवट विमान काचेमागे ठेवलं, तर येता-जाता तुम्हाला फक्त न आलेली सुट्टी दिसत राहील. हे किट कुणीतरी पुरं करावं म्हणूनच बनवलं होतं. तुमची इच्छा तीच आहे. पुरं करा.

पण दादाला विचारल्याशिवाय गोंदाची ट्यूब उघडू नका.

हे मी शिष्टाचार म्हणून सांगत नाही. त्या विमानातलं अर्धं काम त्याचं आहे. उरलेलं तुम्ही एकट्याने गुपचूप उरकलंत तर विमान तयार होईल, पण तुम्हाला जे हवंय ते त्यात नसेल. आणि तुम्ही लिहिलंय तसं बोलणं वाढदिवसापुरतं उरलं असेल, तर त्यामागे बहुधा राग नसतो. बोलायला दोघांच्या मधे एखादी वस्तू उरत नाही, एवढंच होतं. भाऊ-बहीण फोनवर ‘कसा आहेस’, ‘बरी आहेस ना’ याच्या पुढे जायला अडखळतात. ‘बंदुकीच्या मधल्या बुरुजाची काच सापडत नाहीये, तू कुठे ठेवली होतीस?’ असा प्रश्न असला की मात्र अडखळत नाहीत.

म्हणून त्याला लिहिताना भावनांपासून सुरुवात करू नका. ‘खोका सापडला आणि मला रडू आलं’ असं पहिल्याच ओळीत लिहिलंत तर तो गडबडेल, काय उत्तर द्यावं हे त्याला सुचणार नाही. तो हसला तर याची तुम्हाला भीती आहे. तो हसेल ते बहुधा या गडबडीतूनच. एक फोटो पाठवा, धडाचा, जवळून काढलेला, त्याने लावलेला सांधा दिसेल असा. खाली खरा, उत्तर देता येईल असा प्रश्न: पुरं करायला घेतेय, दुसरा पंख बसवताना काय सांभाळू? बासष्ट वर्षांचा माणूस पत्ते, तारखा, शेजाऱ्यांची नावं विसरलेला असू शकतो. पण ज्या सांध्याला त्याने सतराव्या वर्षी दहा मिनिटं दाबून धरलं होतं, तो सांधा बघितल्यावर त्याच्या बोटांना काहीतरी आठवण्याची शक्यता मला खूप वाटते. आणि समजा नाहीच आठवलं, किंवा तो म्हणाला की ‘तूच कर, मला आता जमायचं नाही’, तरी ती परवानगी आहे. ती घेऊन निर्धास्त कामाला लागा. थोडं वाईट वाटेल, पण ते विमान मग पूर्णपणे तुमचं होईल.

त्याने उत्साह दाखवला तर त्याला काम द्या. लँकेस्टरला बंदुकांचे तीन बुरुज असतात, नाकावर, पाठीवर आणि शेपटीच्या टोकाला. शिवाय चार प्रॉपेलर, चाकं. हे छोटे भाग वेगळे जोडून ठेवता येतात आणि नीट गुंडाळून टपालानेही जातात. एखादा बुरुज आणि दोन प्रॉपेलर त्याच्याकडे पाठवा. परत येतील तेव्हा येतील. मधल्या काळात विचारायला हक्काचं कारण राहील.

किटबद्दल आणखी एक गोष्ट बोलायला हवी, कारण तुम्ही आता बारा वर्षांच्या नाही. हे बॉम्बफेकी विमान आहे. त्यात सात माणसं बसत. युद्धात ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये, म्हणजे हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागात, उड्डाण करणाऱ्या साधारण १,२५,००० जणांपैकी ५५,५७३ मेले, बहुतेक जण विशी-पंचविशीतले. त्या विमानांतून पडलेल्या बॉम्बखाली शहरंच्या शहरं जळाली, लाखो सामान्य माणसं गेली. लहानपणी आपल्याला यातलं काही दिसत नव्हतं. इंजिनं चार आहेत आणि चाकं फिरतात याचाच आनंद होता. आता कॉकपिटमध्ये ती दीड सेंटीमीटरची बसलेली आकृती चिकटवताना हे सगळं डोक्यात येईल. येऊ द्या. लहानपणाबद्दलचं प्रेम त्याने कमी होत नाही. अशी ७,३७७ विमानं बनली होती, त्यातली आज उडू शकणारी दोनच उरली आहेत, एक ब्रिटनमध्ये आणि एक कॅनडात. दादाला हे माहीत नसेल तर सांगा, त्याला आवडेल.

आता प्रत्यक्ष काम. हात लावायची भीती वाटते असं तुम्ही लिहिलंत, ती योग्य जागी आहे. इतक्या वर्षांनी पहिला हात या विमानावर नको. एखादं नवं, छोटं, एका इंजिनाचं किट आणा. १/७२ चं स्पिटफायर चालेल, पंखांची रुंदी जेमतेम साडेपंधरा सेंटीमीटर भरते. त्यावर वाटेल तसा हात चालवा. नव्या किटचे भाग एकमेकांत कसे सहज बसतात हे पाहून तुम्हाला नवल वाटेल. पत्र्याच्या जोडांच्या रेषाही आता उठलेल्या नसतात, बारीक कोरलेल्या असतात. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं, तेव्हा डोक्याला लावायचं भिंग आणि बाजूने पडणारा चांगला दिवा, या दोन वस्तूंवर कंजूषपणा करू नका. बोटं थरथरत असतील तर दोन्ही मनगटं टेबलाच्या कडेला टेकवून काम करा. फरक लगेच कळतो.

मग लँकेस्टर. जोडलेलं धड कानाशी धरून हलकेच हलवा. आत काही खुळखुळलं तर निखळलेला एखादा भाग तिथे आहे, आणि तो बाहेर काढायची जागा दुसरा पंख लावायच्या आत शोधायला हवी. सगळे सुटे भाग कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवा, कारण साच्यातून आलेला तेलकटपणा आणि जुनी धूळ असली की रंग धरत नाही. पाणी ओतण्याआधी खाली बारीक गाळणी धरा. कागदावरच्या नंबरांशी भाग जुळवून काय हरवलंय याची यादी करा. हे काम तुमचंच होतं, तुम्हाला जमेल. हरवलेल्या भागांसाठी त्याच किटचे जोडलेले-मोडलेले नमुने छंदी मंडळींकडे मिळतात. ती माणसं सुटे भाग फेकत नाहीत.

दादाने लावलेले सांधे उकलायचा विचार मनात आला असेल तर सोडून द्या. प्लॅस्टिकचा तो गोंद चिकटवत नाही, दोन्ही कडा विरघळवून एक करतो. म्हणून नीट बसलेला जुना सांधा जोर लावल्यावर सांध्यावर सुटत नाही, शेजारून तुटतो. काही जण विमान फ्रीझरमध्ये ठेवून सांधा ठिसूळ करतात. कधी जमतंही. मला इथे त्याची काही गरज दिसत नाही. सांध्यातून गोंद ओघळला असेल, त्यात अंगठ्याचा ठसा उमटला असेल, तर तो घासू नका. कुठल्याही छंदी माणसाचा हात तिथे सँडपेपरकडे जाईल, तुम्ही आवरा. तो ठसा सतरा वर्षांच्या दादाचा आहे आणि दुसरा कुठेही मिळणार नाही. वरून पातळ रंग दिला की तो रंगाखाली राहील आणि बोटाला लागेल.

रिव्हेटच्या ठिपक्यांचंही तेच. अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका खऱ्या विमानावर मोजला तर ३६ मिलिमीटरचा होईल, तेवढं मोठं रिव्हेट कुठल्याच पंखावर नव्हतं. काटेकोर मंडळी जुन्या किटवरचे ठिपके घासून सपाट करतात. तुमच्या बोटाने ज्या ठिपक्यांवरून सगळं ओळखलं, ते घासण्यात काय अर्थ आहे?

उरलेल्या अर्ध्या भागात मात्र आजचं चांगलं साहित्य वापरा. ट्यूबमधल्या दोऱ्या सुटणाऱ्या गोंदापेक्षा बाटलीतला पातळ गोंद घ्या. भाग एकमेकांवर धरायचे आणि ब्रशचं टोक सांध्याला लावायचं, गोंद आपोआप फटीतून पुढे सरकतो. काचेच्या भागांना हे दोन्ही गोंद नकोत, काच पांढुरकी होते. सुपरग्लूच्या वाफेनेही होते. तिथे लाकडाला वापरतात तो पांढरा गोंद, तो वाळल्यावर पारदर्शक होतो. जुन्या गोंदाचा वास तुम्हाला हवासा वाटेल हे मला माहीत आहे. तो वास मेंदूला आणि फुफ्फुसांना चांगल्या नसलेल्या द्रावकांचा असतो, तेव्हा खिडकी उघडी ठेवूनच बसा.

सगळ्यात नाजूक भाग म्हणजे पाण्यात भिजवून लावायचे ट्रान्सफर, विमानावरच्या खुणांची आणि अक्षरांची ती पातळ चित्रं. इतक्या वर्षांत ते पिवळे पडले असतील. कागद पारदर्शक पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला आतून चिकटवा, चित्रं काचेकडे. काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत, पिवळेपणा उतरतो. मग नको असलेलं एखादं कापून कोमट पाण्यात टाकून बघा. त्याचे तुकडे झाले तर उरलेल्या कागदावर चकचकीत वार्निशचा किंवा खास त्यासाठी मिळणाऱ्या द्रवाचा एक थर द्या, आणि नंतर प्रत्येक चित्र वेगळं, कडेलगत कापून घ्या, कारण आता सगळ्यांवर मिळून एकच पापुद्रा असतो. तेही हाती लागले नाहीत तर लँकेस्टरसाठी वेगळे छापलेले नवे ट्रान्सफर मिळतात. आधी विमानावर चकचकीत थर, मग ट्रान्सफर, मग वरून मॅट, म्हणजे चमक नसलेला थर. हा क्रम चुकवू नका, नाहीतर चित्रांखाली हवेची चंदेरी झाक राहते. रंग तुम्हाला पाठ असतील: वर गडद हिरवा आणि मातकट तपकिरी, खाली काळा. त्या जुन्या टिनच्या बुटक्या डब्या खोक्यात असतील तर त्यांची झाकणं उघडून बघा. घट्ट बंद राहिलेला इनॅमल रंग दहा मिनिटं ढवळला की पुष्कळदा अजूनही चालतो.

एरियलच्या तारेसाठी दोरा आणू नका. भाग ज्या चौकटीला लागलेले असतात तिचा तुकडा मेणबत्तीच्या वर, ज्योतीला न लावता, फिरवत धरायचा आणि मऊ झाला की दोन्ही हातांनी ओढायचा. केसासारखी तार निघते. दादाने ही युक्ती तुमच्यासमोर नक्की केली असेल. तो आला तर ते काम त्याच्यासाठी राखून ठेवा.

आणि विमान एकसारखं दिसणार नाही हे आत्ताच मान्य करा. डावा पंख सतरा वर्षांच्या दादाने लावलेला, उजवा तुम्ही, भिंग लावून, पातळ गोंदाने. उजवी बाजू जास्त साफ येईल. डावी तिच्यासारखी करायला जाऊ नका. ती जुनी संध्याकाळही परत येणार नाही, कितीही मन लावून काम केलंत तरी. तुम्ही टेबलाशी बसाल तेव्हा तुम्हाला थोडं एकटं वाटेल, पाठ दुखेल, आणि मध्येच एखादा भाग खट्कन बसेल तेव्हा इतका निखळ आनंद होईल की शेजारी कुणाला तरी दाखवावंसं वाटेल. तेव्हा फोटो काढा आणि ज्याला पाठवायचा त्याला पाठवा.

एक गोष्ट मात्र पंख लावायच्या आधी ठरली पाहिजे. दुसरा पंख बसला की या विमानाची रुंदी ४३ सेंटीमीटर होते, ते परत त्या खोक्यात मावणार नाही. त्याला जागा लागेल, थेट उन्हापासून दूर, मऊ ब्रशने धूळ झटकता येईल अशी. ती जागा तुमच्या घरी असेल की दादाच्या, हे दोघांनी मिळून ठरवा. त्याच्याकडे द्यायचं ठरलं, तर ४३ सेंटीमीटरचं विमान प्रवासात सुखरूप न्यायला फार जिकिरीचं होतं. तसं असेल तर सगळं रंगवून तयार ठेवा, उजवा पंख तेवढा सुटा राहू द्या, आणि गोंद बरोबर घेऊन जा.